चार्ज घेताना: बायोस काय सांगतो आणि काय सांगत नाही

धाराशिवहून बोलतोय. ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लिहून काढलेलं रूप. बोलण्यातलं 'म्हणजे' आणि 'बरं का' थोडं कमी केलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय दुकानात बसणाऱ्या एका पोरामुळं निघाला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सुट्टीत माझ्याकडं दुरुस्ती शिकायला येतो. त्यानं असेंब्लीमध्ये स्वतःचा बूट सेक्टर लिहिला. मशीन चालू केलं की विंडोज नाही, लिनक्स नाही, थेट याचा प्रोग्रॅम आणि पडद्यावर याचं नाव. लॅपटॉपवर क्यूएमूमध्ये, म्हणजे खोट्या मशीनमध्ये, झकास चालला. मग पेनड्राइव्हवर टाकून दुकानातल्या जुन्या पीसीला लावला, तर नावाच्या जागी हसरे चेहरे, बदाम आणि वेड्यावाकड्या रेघा.

तो म्हणाला, "सर, हे मशीन खराब आहे."

मी म्हणालो, "मशीन चांगलंय. तू न विचारता गृहीत धरलंस."

मग त्यानं विचारलं तो प्रश्न खरा होता: बायोस आपल्या हातात मशीन देतो त्या क्षणी प्रोसेसर नेमका कुठल्या अवस्थेत असतो? कशावर विश्वास ठेवायचा आणि कशावर नाही? त्याचं उत्तर मला पुस्तकातून नाही, एका रात्रीच्या फजितीतून मिळालं होतं. ती गोष्ट आजवर मी कुणाला सांगितली नव्हती. आज सांगतो. पण आधी थोडी पार्श्वभूमी.

बटण दाबल्यापासून

पॉवरचं बटण दाबलं की प्रोसेसर रीसेट होतो. त्या क्षणाची अवस्था अगदी पक्की असते. कुठल्या रजिस्टरमध्ये काय असेल याचा तक्ता इंटेलच्या पुस्तकात छापलेला आहे. ३८६ आणि त्यानंतरचे प्रोसेसर पहिली सूचना चार जीबीच्या अगदी टोकाला, शेवटाच्या १६ बाइट अलीकडं शोधतात. त्या पत्त्यावर मदरबोर्डची बायोस चिप जोडलेली असते. १६ बाइटांत मावणार ते काय? म्हणून तिथं सहसा एक उडी असते: 'खरं काम तिकडं आहे, तिकडं जा.'

मग बायोस रॅम जागी करतो, तपासतो, डिस्प्ले, कीबोर्ड आणि डिस्क शोधतो. शेवटी ठरलेल्या डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे फक्त ५१२ बाइट, उचलून मेमरीत हेक्स ७सी०० या पत्त्यावर ठेवतो. त्यातले शेवटचे दोन बाइट ५५ आणि एए आहेत का ते बघतो. असले तर तिथं उडी मारतो. बायोसचं काम झालं, मशीन आता त्या ५१२ बाइटांचं.

हा ७सी०० आला कुठून? आयबीएमचा पहिला पीसी १२ ऑगस्ट १९८१ ला बाजारात आला. त्या काळात ३२ केबी रॅम म्हणजे बऱ्यापैकी मशीन. ३२ केबी म्हणजे ३२,७६८ बाइट. त्यातून १,०२४ वजा केले की ३१,७४४ उरतात. ३१,७४४ हेक्समध्ये लिहा, ७सी०० येतं. शेवटच्या एक केबीतले ५१२ बाइट बूट सेक्टरला, ५१२ त्याच्या उठाठेवीला, आणि खालची सगळी जागा ऑपरेटिंग सिस्टिमला मोकळी. आज १६ जीबीच्या मशीनवरही जुन्या पद्धतीनं बूट केलं तर पत्ता तोच.

आणि प्रोसेसर? कितीही नवा असू दे, जुन्या पद्धतीच्या बूटमध्ये हवाल्याच्या वेळी तो रिअल मोडमध्ये असतो. १९७८ च्या ८०८६ सारखा वागतो: १६ बिट, एक एमबीच्या आसपासची मेमरी, कुणालाही कुठंही लिहायची मुभा. विचारणारं कुणी नाही.

चार्जची यादी

आपल्याकडं तलाठ्याची किंवा ग्रामसेवकाची बदली झाली की चार्ज देणं-घेणं होतं. दप्तर किती, पावती पुस्तकं किती, रोख शिल्लक किती, याची यादी होते, सह्या होतात. नवा माणूस शहाणा असला तर यादीत लिहिलंय तेवढंच धरतो. कपाटात आणखी काय असेल याचा अंदाज बांधत नाही.

बायोस चार्ज देतो तेव्हा यादी फार छोटी असते. एक, तुझा कोड ७सी०० वर आहे. दोन, तू रिअल मोडमध्ये आहेस. तीन, बायोसच्या सेवा चालू आहेत: पडद्यासाठी इंटरप्ट हेक्स १०, डिस्कसाठी हेक्स १३. आणि चार, डीएल नावाच्या एका बाइटच्या रजिस्टरमध्ये एक आकडा आहे: तुला ज्या डिस्कवरून उचललं तिचा नंबर. पहिली फ्लॉपी असेल तर ००, पहिली हार्ड डिस्क असेल तर हेक्स ८०.

संपली यादी. बाकी सगळं धरून चालायचं नाही.

सीएस आणि आयपी ही जोडीसुद्धा नाही. काही बायोस ००००:७सी०० असं धरून उडी मारतात, काही ०७सी०:०००० असं. रिअल मोडमध्ये पहिल्या आकड्याला १६ नं गुणून दुसरा मिळवायचा असतो, म्हणून दोन्हींचा अर्थ एकच जागा. जसं एकच घर कुणी बसस्टँडपासून दहावं सांगेल, कुणी वेशीपासून दुसरं. घर तेच, पण पुढचे पत्ते तुम्ही कुठून मोजणार यानं फरक पडतो.

डीएस आणि ईएस, म्हणजे डेटा जिथून मोजायचा ती रजिस्टरं, त्यांत बायोसनं शेवटचं जे काम केलं त्याचं उरलंसुरलं असतं. स्टॅक कुठंतरी असतो, कुठं ते बायोसला माहीत. स्ट्रिंगच्या सूचना पुढं चालतील की मागं हे ठरवणारा डिरेक्शन फ्लॅग बहुतेक वेळा शून्य असतो, पण 'बहुतेक' म्हणजे हमी नव्हे. ए२० नावाची पत्त्यांची एकविसावी तार चालू असेल किंवा बंद. ८०८८ ला पत्त्यांच्या वीसच तारा होत्या, एक एमबी संपली की गिनती परत शून्यावर यायची. १९८४ च्या पीसी एटीमध्ये २८६ आला, तारा वाढल्या. जुने प्रोग्रॅम अडू नयेत म्हणून ही तार बंद ठेवायची सोय केली, आणि तिचं बटण कीबोर्डच्या कंट्रोलरवर बसवलं. हसू नका, खरं आहे.

आता त्या पोराचं काय झालं ते बघा. त्यानं डीएस शून्य असेल असं धरलं. क्यूएमूमध्ये तो शून्यच निघाला. आमच्या जुन्या पीसीच्या बायोसनं तो वेगळा ठेवला होता. मग याचा प्रोग्रॅम नाव वाचायला गेला भलत्याच जागी, आणि तिथं जे बाइट पडले होते ते पडद्यावर छापत सुटला. तेच ते बदाम आणि हसरे चेहरे. त्याचं नशीब, नुसतं छापलं. माझ्या प्रोग्रॅमनं लिहिलं होतं.

२०१६ ची रात्र

लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते वर्ष. आपल्या जिल्ह्याचं नाव तेव्हा उस्मानाबाद होतं. दुष्काळाचा कडेलोट. रानात काही नाही, जनावरं छावणीत, आणि बऱ्याच घरांत रोख पैसा येण्याची एकच वाट उरलेली: दुधाचा दहा दिवसांचा पगार. भूम तालुक्यातल्या एका गावच्या दूध संकलन केंद्रातून फोन आला. पीसी मध्येच अडकतोय, आणि उद्या पगार काढायचाय.

माझ्याकडं तेव्हा स्वतः लिहिलेलं एक हत्यार होतं, त्याचा भारी अभिमान. ५१२ बाइटांचा बूट सेक्टर, पेनड्राइव्हवर. मशीन त्यावरून चालू केलं की तो मेमरीचा थोडा भाग तपासायचा, पडद्यावर 'मेमरी ओके' असं इंग्रजीत छापायचा आणि किती मशीन तपासली याची मोजणी स्वतःच्याच शेवटच्या काही बाइटांत एकानं वाढवून ते ५१२ बाइट परत पहिल्या सेक्टरवर लिहून ठेवायचा. दुकानात कितीतरी महिने बिनबोभाट चाललेला.

लिहिताना मी डिस्कचा नंबर डीएलमधून घेतला नव्हता. सरळ हेक्स ८० टाकला होता. कारण दुकानातल्या मशीनवर पेनड्राइव्हवरून बूट केलं की पेनड्राइव्हलाच ८० मिळायचा. दर वेळी. मला वाटलं, तोच नियम.

केंद्रातल्या मशीनचा बायोस वेगळा होता. माझ्या पेनड्राइव्हवर पार्टिशनचा तक्ता नव्हता, सगळी जागा माझ्या कोडनं खाल्लेली. तक्ता नाही म्हणून त्या बायोसनं पेनड्राइव्हला फ्लॉपी समजून ०० नंबर दिला. डीएलमध्ये प्रामाणिकपणे ०० ठेवूनही दिला. मी बघितलंच नाही. मग त्या मशीनवर ८० कोण? केंद्राची हार्ड डिस्क.

पडद्यावर 'मेमरी ओके' आलं. मी खूश. पेनड्राइव्ह काढला, मशीन परत चालू केलं, विंडोज यायची वाट बघत बसलो. पडद्यावर परत 'मेमरी ओके'.

पेनड्राइव्ह माझ्या हातात होता, मंडळी. पोटात गोळा आला तो अजून आठवतो.

झालं काय होतं ते उघड होतं. हार्ड डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये ४४६ बाइट कोडचे, ६४ बाइट पार्टिशनच्या तक्त्याचे आणि दोन सहीचे असतात. त्या ५१२ वर माझा प्रोग्रॅम बसला होता. डिस्कवर कुठला भाग कुठून कुठपर्यंत, ही नोंदच गेली. दीडशेच्या वर खातेदार, त्यांचे लिटर, फॅट, एसएनएफ, दर, उचल, सगळं त्या डिस्कवर. केंद्रानं वही लिहायची सहा महिन्यांपूर्वीच सोडली होती.

केंद्राचे सचिव, सगळे त्यांना अण्णा म्हणत, दारात उभे होते. मी सरळ सांगितलं, "अण्णा, चूक माझी झालीय. मशीनची नाही. तुमची माहिती आत आहे, पण तिच्याकडं जायची वाट मी पुसली. आता याला कुणी हात लावू नका."

"किती येळ लागंल?"

"रात्रभर."

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बसा मग. च्या सांगतो. सकाळी लोकं यायच्या आत व्हाया पाहिजे बगा."

पहिलं काम केलं ते असं की त्या डिस्कवर काहीच लिहिलं नाही. लिनक्सच्या सीडीवरून मशीन चालू केलं आणि ८० जीबीची ती डिस्क जशीच्या तशी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतली. मग टेस्टडिस्क नावाच्या प्रोग्रॅमनं हरवलेली पार्टिशनं शोधली. एक्सपीच्या काळात केलेली डिस्क, म्हणून पहिलं पार्टिशन सेक्टर ६३ पासून सुरू झालेलं. त्या पार्टिशनच्या आपल्या पहिल्या सेक्टरमध्ये त्याची लांबी लिहिलेली असते, ती शाबूत होती, कारण माझ्या प्रोग्रॅमनं फक्त पहिल्या सेक्टरवर घाव घातला होता. त्यावरून तक्ता परत बांधला आणि बूटचा कोड नव्यानं लिहिला. पहाटे दोनच्या सुमारास विंडोज उघडलं. अण्णांनी खुर्चीत बसल्या बसल्या तीन खातेदारांचे आकडे पावत्यांशी ताडून बघितले आणि मान हलवली. सकाळी पगार वाटला गेला.

आणि मशीन मुळात का अडकत होतं? रॅमच्या पट्टीचे संपर्क मळले होते. काढून खोडरबरानं पुसले, परत बसवले. पाच मिनिटांचं काम. पैसे मागायचं तोंड नव्हतं.

चोर आणि मी

घरी येताना एक गोष्ट लक्षात आली आणि जास्तच लाज वाटली. हार्ड डिस्कच्या पहिल्या सेक्टरवर गुपचूप स्वतःला उतरवून घेणारा प्रोग्रॅम, याला नाव आहे: बूट सेक्टर व्हायरस. मी न कळता तोच लिहिला होता.

या जातीचा एक नमुना आपल्या ओळखीच्या आडनावाचा आहे. १९९० मध्ये भारतात सापडलेला 'जोशी' व्हायरस. पाच जानेवारीला मशीन चालू केलं की अडून बसायचा आणि 'हॅपी बर्थडे जोशी' असं टाइप करायला लावायचा. टाइप केलं की मशीन पुढं चालायचं. दुसरा मायकेलँजेलो, १९९१ मध्ये सापडलेला. तो सहा मार्चला, त्या कलाकाराच्या जन्मदिवशी, डिस्कवर कचरा लिहायचा. दोघांचा शिरायचा मार्ग एकच: ड्राइव्हमध्ये विसरून राहिलेली फ्लॉपी. बायोस ती उचलायचा आणि जे आत असेल त्याला चार्ज द्यायचा. कारण बायोसची तपासणी शेवटच्या दोन बाइटांची. ५५ आणि एए असलं की झालं. कोण, कुठला, कशासाठी आला, हे तो विचारत नाही.

हे व्हायरस चार्ज मिळताच मेमरीच्या वरच्या टोकाला लपायचे आणि बायोसच्या नोंदीत मेमरी थोडी कमी दाखवायचे. त्या काळचे दुरुस्तीवाले चेकडिस्क चालवून बघायचे. ६४० केबीच्या मशीनवर एकूण ६,५५,३६० बाइट दिसायला हवेत. कमी दिसले की शंका घ्यायची. आणि लपून झालं की हे व्हायरस खरा बूट सेक्टर, जो त्यांनी बाजूला ठेवलेला असायचा, ७सी०० वर आणून त्याला रीतसर चार्ज द्यायचे. म्हणजे चोरसुद्धा पुढचा चार्ज नीट द्यायचा. मी तेवढंही केलं नव्हतं.

याच व्हायरसांशी झगडताना पुण्यात एक मोठं काम उभं राहिलं. सातारा जिल्ह्यातल्या कुटुंबातले कैलास आणि संजय काटकर हे भाऊ. कैलास कॅल्क्युलेटर आणि कॉम्प्युटर दुरुस्त करायचे, संजय कॉम्प्युटर शिकत होते. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये व्हायरस सापडायला लागले, तेव्हा संजय यांनी मायकेलँजेलोवर उतारा लिहिला. त्यातूनच पुढं क्विक हील उभं राहिलं, आणि २०१६ च्या फेब्रुवारीत ती कंपनी शेअर बाजारात आली. माझ्या त्या रात्रीचंच वर्ष. दोन्ही ठिकाणी दुरुस्तीचंच टेबल. त्यांनी पहिल्या सेक्टरचं ऐकून घेतलं होतं, मी नव्हतं.

नवी यादी

आता यूईएफआयचं राज्य आहे. यात चार्जची यादी मोठी आणि लेखी आहे. ६४ बिटच्या मशीनवर तुमचा कोड सुरू होतो तेव्हा प्रोसेसर आधीच लाँग मोडमध्ये असतो, पेजिंग चालू असतं आणि जो पत्ता लिहाल तीच खरी जागा अशी मांडणी असते. किमान १२८ केबी स्टॅक मिळतो. डिरेक्शन फ्लॅग साफ असतो. एकच प्रोसेसर कामावर असतो, बाकीचे थांबलेले. आरसीएक्स रजिस्टरमध्ये तुमच्या प्रोग्रॅमची ओळख आणि आरडीएक्समध्ये सिस्टिम टेबलचा पत्ता. त्या टेबलातून सगळ्या सेवा सापडतात. तुम्ही कुठल्या डिस्कवरून आलात हे त्या ओळखीवरून विचारता येतं. आणि सिक्युअर बूट चालू असेल तर चार्ज देण्याआधी सही तपासली जाते, नुसते दोन बाइट नाही.

म्हणजे माझी चूक आता होणार नाही का? होईल. यादी कितीही मोठी असली तरी न वाचणाऱ्याला तिचा उपयोग नाही. आजही दुकानात निम्मी मशीनं शाळांची, सोसायट्यांची, झेरॉक्सवाल्यांची जुनी बायोसवाली येतात. त्यांत अजून ते ५१२ बाइटच आहेत.

म्हणून त्या पोराला मी जे वहीत लिहून घ्यायला लावलं तेच तुम्हालाही सांगतो. बूट सेक्टरमध्ये पहिलं काम: इंटरप्ट थांबवा. सीएस शून्य होईल अशी एक लांब उडी स्वतः मारा. डीएस, ईएस, एसएस शून्य करा, स्टॅक ७सी०० च्या खाली उतरता ठेवा. डिरेक्शन फ्लॅग साफ करा. इंटरप्ट चालू करा. आणि या सगळ्यात डीएलला धक्का लावू नका. लगेच मेमरीत जपून ठेवा आणि डिस्कशी बोलताना दर वेळी तोच वापरा. ८० असं हातानं लिहायची पाळी आली तर हात आवरा. आणि डिस्कवर लिहिणारा कोड दुसऱ्याच्या मशीनवर न्यायच्या आधी निदान तीन वेगवेगळ्या मशीनवर, रिकाम्या डिस्क लावून चालवून बघा.

पोरानं बदल केले. जुन्या पीसीवर त्याचं नाव आलं. मग स्वतःच म्हणाला, "सर, डीएल पण छापून बघू का?" बघितलं. आमच्या मशीनवर ८० आलं. पेनड्राइव्हवरचा पार्टिशनचा तक्ता पुसून शेजारच्या मशीनला लावला, तिथं ०० आलं. तो माझ्याकडं बघायला लागला. मग मी त्याला अण्णांची गोष्ट सांगितली.

पुढच्या भागात रिअल मोडमधून प्रोटेक्टेड मोडमध्ये जातानाची ती एक उडी. तोवर तुमच्याकडं जुनं मशीन पडलं असेल तर डीएल छापून बघा आणि काय आलं ते कळवा. आधी त्यातली डिस्क तेवढी काढून ठेवा. भेटू.